ब्रॅनॉकचा पहिला मजला

योगिनीला त्या घरातून काय मिळणार होतं ते आधी बघू. रहाटणीतल्या एका ऑफिसात ती चाकणच्या कारखान्यांसाठी शेड काढायची. शेड म्हणजे खांब, पत्रा आणि कोपऱ्यात संडास-बाथरूम. त्यातले खांब आणि पत्रा साहेब काढायचे. चार वर्षांत योगिनीच्या हातून दीडएकशे संडास कागदावर उतरले होते. घर उभं राहिलं की आर्किटेक्चरची वरची पदवी, पदवी मिळाली की कॉलेजात शिकवायची नोकरी, आणि नोकरी मिळाली की संडास सुटणार. आत्याचा आशीर्वादही होता, पण तो तिनं हिशेबात धरला नव्हता. तो आधीच मिळून चुकला होता.

पदवीसाठी तिनं माणूस निवडला होता जोसाया ब्रॅनॉक, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन आर्किटेक्ट. मार्गदर्शक निरंजन सरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "हा आपला कोण लागतो?"

प्रश्न रास्त होता. ब्रॅनॉक खुद्द अमेरिकेतही फारसा कुणाचा लागत नव्हता.

व्हरमाँटमधल्या एका सुताराच्या घरी तो १८३६ साली जन्मला. बाप जिने करण्यात पटाईत. पोरानं पंधराव्या वर्षी बापाचा जिना हुबेहूब कागदावर काढून दाखवला, तेव्हा बाप म्हणाला, लाकूड महाग आहे, तू कागदावरच राहा. पोरगं राहिलं. पुढं रेल्वे पश्चिमेकडं निघाली तसा तोही निघाला आणि इलिनॉयमधल्या एका गावात ऑफिस थाटून बसला. आजूबाजूला गावं उगवत होती. शेतकऱ्यांच्या हातात पैसा आला होता, घर सगळ्यांना हवं होतं, आर्किटेक्ट मात्र कुणालाच नको होता. आर्किटेक्ट ठेवायचा म्हणजे त्याला जेवू घालायचं, त्याचं ऐकायचं आणि वर त्यालाच पैसे द्यायचे. ब्रॅनॉकनं हे बरोबर ओळखलं. त्यानं चव्वेचाळीस घरांचं एक पुस्तक छापलं. पुस्तकातला क्रमांक टपालानं कळवायचा, नकाशे टपालानं घरी. जेवण नाही, ऐकणं नाही.

त्याच्या नकाशांवरून सुमारे अठराशे घरं झाली. त्यातली त्यानं स्वतः पाहिली एकवीस. बाकीच्यांची त्याला फक्त पत्रं यायची, आणि ज्याचं घर चांगलं झालं तो कशाला पत्र लिहील? कॅन्ससमधल्या एका शेतकऱ्यानं अख्खं घर रस्त्याकडं पाठ करून बांधलं आणि दोष ब्रॅनॉकला दिला. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ब्रॅनॉकनं एक ओळ वाढवली: "रस्त्याकडची बाजू ती पुढची." अशा ओळी वाढत गेल्या. पहिल्या आवृत्तीत सूचना अर्धं पान होत्या, नवव्या आवृत्तीत अकरा पानं. लोक काय-काय चुकू शकतात याचं इतकं सविस्तर टिपण दुसऱ्या कुठल्याही आर्किटेक्टनं मागं ठेवलेलं नाही. १८९३ साली तिकडं मंदी आली, घरं थांबली, त्याला छापखाना विकावा लागला. नऊ वर्षांनी तो लेकीच्या घरी वारला. ते घर दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकातलं होतं, आणि त्याच्या जिन्याबद्दल त्यानं शेवटपर्यंत कुरकुर केली.

योगिनीचा या माणसावर जीव जडला. सर म्हणाले, जीव जडला हे ठीक, पण त्याचं एकतरी घर तू डोळ्यांनी बघितलंयस का? अमेरिकेला जाण्याइतकी ऐपत नव्हती. मग तिच्या मनात आलं की बघायला जाण्यापेक्षा बांधलेलं काय वाईट. आणि त्याच सुमाराला चऱ्होलीत आत्याला घर हवं होतं.

आत्या म्हणजे यशोदाबाई. त्यांच्या शेतात आता सात इमारती उभ्या होत्या, आणि त्यातल्याच एकीच्या चौथ्या मजल्यावर, जिथं पूर्वी त्यांचा कांदा व्हायचा त्याच्या बरोबर वर, त्या नवरा, मुलगा आणि सुनेसह राहत होत्या. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. लिफ्ट बंद पडली की खाली असल्या तर खालीच, वर असल्या तर वरच. एकदा कोथिंबिरीची जुडी घेऊन त्या वॉचमनच्या खुर्चीवर साडेतीन तास बसल्या होत्या. रस्त्यालगत पाच गुंठे उरले होते, त्यावर बंगला बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. "मला जमिनीवर ऱ्हायचंय. उंबऱ्यातनं पाय काढला की मातीला लागला पायजे. बाकी तुमी ताजमहाल बांधा."

योगिनीनं ब्रॅनॉकचा नकाशा क्रमांक एकेचाळीस काढला. तो त्यानं केलाच होता म्हाताऱ्या आईसाठी: स्वयंपाकघराला लागून झोपायची खोली, दोन बाजूंनी पडवी, आणि खाली टीप, "घरातील वृद्धांस न उठता रस्ता दिसावा." यशोदाबाईंना हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "माणूस चांगल्या घरचा दिसतोय."

त्यांच्या नवऱ्याला, दत्तोबांना, गावात कुणाकडं नाही असं घर हवं होतं, ते मिळत होतं. मुलगा सुजित चाकणला एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. त्याचं म्हणणं होतं की काहीही करा, पण नव्या गाडीचं बघा. सून हर्षालीनं नकाशा बराच वेळ निरखला, मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाली, "मला पसंत आहे." इतक्या लवकर तिला काही पसंत पडल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं, पण का पडलं हे कुणी विचारलं नाही. पसंत पडलंय तर उकरून कशाला काढा.

नकाशाचे कागद दोन. योगिनीनं ते नव्यानं काढले, फुटांचे मीटर केले, खांबांच्या जागा घातल्या. मंजुरी मात्र दत्तोबांनी तळमजला अधिक दोन मजले अशी मोठी घेऊन ठेवली होती. पुढंमागं भाडेकरू ठेवता येईल, असा त्यांचा विचार. योगिनीनं कागदांवरचे मथळे आणि खोल्यांची नावं ब्रॅनॉकनं घातली होती तशीच ठेवली, अक्षराला अक्षर. संशोधनात मूळ लेखनाला हात लावायचा नसतो, असं सरांनी तिला चार वेळा बजावलं होतं. एका कागदावर "फर्स्ट फ्लोअर", दुसऱ्यावर "सेकंड फ्लोअर".

पाया झाला, आणि योगिनीला कावीळ झाली. सहा आठवडे ती रहाटणीत ऊस आणि मूगडाळीवर होती. मोबाईलवर फोटो यायचे. एकात खांब दिसले. खांब जिथं हवे तिथंच होते. दुसऱ्यात दत्तोबा आणि सुजित नव्या स्लॅबवर नारळ घेऊन हसत उभे होते. फोटो वरून काढलेला. स्लॅबखाली काय आहे हे त्यात दिसायचं कारण नव्हतं.

अंगात थोडी ताकद आल्यावर एका रविवारी ती चऱ्होलीला गेली. ब्रॅनॉकचं घर लांबूनच दिसलं. ते पायांवर उभं होतं.

चौदा खांब, वर स्लॅब, खाली मोकळं. खाली सुजितची गाडी लागलेली. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत यशोदाबाई. सुजितनं त्यांना आणि हर्षालीला सोसायटीतून गाडीत घालून आणलं होतं, घर पहिल्यांदाच दाखवायला.

"ये, ये," दत्तोबा म्हणाले. "बघ कसं ऐसपैस झालंय. चारचाकी, दोन टू-व्हीलर, आन् पावण्यांच्या गाड्या येगळ्या. आख्ख्या आळीत एवढं पार्किंग कुनाचं न्हाई. मी सगळ्यांना आणून दाखवलं."

"मामा, पार्किंग कुणी सांगितलं?"

दत्तोबांनी ठेकेदाराकडं बघितलं. बन्सी परभणीकडचा, वीस वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये घरं बांधणारा. त्यानं खिशातून घड्या पडलेले दोन्ही कागद काढले.

"मॅडम, तुमीच दिलंत की. हे फर्स्ट फ्लोअर. हे सेकंड. मंजुरी तीन मजल्यांची. ग्राउंडचा कागद नाही. ग्राउंडचा कागद नाही म्हणल्यावर पार्किंगच की. आमी काय येडेपणा करायलो का? इथं कोणत्या बिल्डिंगीला ग्राउंडला माणसं राहतेत?"

"इंजिनिअरनं काही विचारलं नाही?"

"ते तर म्हणले, मॅडमचं काम लई क्लिअर असतं."

योगिनी वाळूच्या ढिगाऱ्यावर बसली. मग तिनं सांगितलं. सांगताना आवाज बारीक झाला होता. "अमेरिकेत फर्स्ट फ्लोअर म्हणजे जमिनीवरचा."

"मंग तळमजल्याला काय म्हनत्यात?" दत्तोबांनी विचारलं.

"तळमजल्यालाच फर्स्ट म्हणतात."

"आन् पयल्या मजल्याला?"

"सेकंड."

दत्तोबांनी बोटं मोजून पाहिली. "मंजी तिकडं आपन चौथ्यावर न्हाई, पाचव्यावर ऱ्हातोय."

हे कुणाचं चुकलं याचा हिशेब स्लॅबखालच्या पाचही जणांनी मनात करून टाकला. बन्सीचा सुटकेचा श्वास ऐकू आला. महिनाभर राबून चूक आपली नाही एवढं कळलं, तरी माणसाला पुरतं. ब्रॅनॉकच्या अकरा पानांत ही एक सूचना नव्हती, कारण त्याच्या अठराशे गिऱ्हाइकांत असं चुकणारा एकही निघाला नव्हता. त्यासाठी चऱ्होलीच यावी लागली.

मग यशोदाबाईंनी विचारलं, "माझी खोली कुठंय?"

बन्सीनं बोट वर केलं.

"आई, काळजी करू नको," सुजित घाईनं म्हणाला. "लिफ्टची जागा आहे. स्वतःची लिफ्ट. सोसायटीच्या लिफ्टसारखी नाही. छोटी, दोन माणसांची, एकदम भारी."

"लाईट गेल्यावर?"

"इन्व्हर्टर लावू."

"इन्व्हर्टर बंद पडल्यावर?"

"आई, सगळंच कसं बंद पडेल?"

"चार वरसं बघतीय मी, कसं पडतंय ते."

"मावशी, पाडून टाकायचं म्हणलं तर..." बन्सीनं सुरुवात केली.

"पाडायचं नाव काढू नको," दत्तोबा म्हणाले. त्यांनी अख्खं गाव आणून पार्किंग दाखवलं होतं. ते आता परत कुठं घेणार?

तर स्थिती अशी होती. चूक योगिनीची, आणि तिला ती मान्य. चुकीचा फायदा सुजितला गाडीपुरता आणि दत्तोबांना मिरवण्यापुरता. तोटा एकाच माणसाला, दोन गुडघ्यांचा, आणि त्या माणसाला बाकीचे प्रेमानं समजावत होते. अशा वेळी कोण जिंकतं हे कुठल्याही घरात विचारा. यशोदाबाई त्या घरात एक्केचाळीस वर्षं होत्या. समोरच्या बाजूला किती माणसं आहेत ते त्यांनी बघितलं. मग आपल्या बाजूला अजून कोण येऊ शकतं तेही बघितलं.

"हर्षाली," त्या सहज म्हणाल्या, "तुजं पार्लर वर गेलं गं."

हर्षाली मोबाईलमध्ये होती. तिनं मान वर केली.

"कसलं पार्लर?" योगिनीनं विचारलं.

"ताई, तुम्हीच काढलंय ना." हर्षालीनं फोटो मोठा करून दाखवला. पुढची खोली, रस्त्याकडं पुढं आलेली तीन खिडक्यांची कमान, पडवीतून वेगळं दार. आणि त्यावर ब्रॅनॉकच्या वळणदार अक्षरात: "पार्लर, तेरा बाय पंधरा." ती म्हणाली, "मी तर म्हटलं, ताईंनी न सांगता माझा विचार केला. रहाटणीला कोर्स चालू आहे माझा. तीन महिन्यांत सर्टिफिकेट. बोर्डाचं डिझाईनसुद्धा करून ठेवलंय."

योगिनीचं तोंड उघडलं. ब्रॅनॉकच्या काळात पार्लर म्हणजे पाहुण्यांची बैठक. एरवी बंद, पडदे ओढलेले. लग्नाला उघडायची, मयताला उघडायची आणि पाद्री चहाला आला तर. तिच्या प्रबंधात यावर चौदा पानं होती.

"वहिनी, तसं नाही, ते पार्लर म्हणजे मूळचं..."

"योगे," यशोदाबाई म्हणाल्या, "काविळीतनं उठलीयस. लई बोलू नको. बस."

योगिनी आधीच बसलेली होती. ती आणखी नीट बसली.

"वर जाऊन आयब्रो करायला कोण बाई जिना चढेल?" हर्षाली सुजितकडं वळली. "रस्त्यावरून दिसायला नको? समोरच्या सोसायटीत एकशे चाळीस फ्लॅट आहेत. मी मोजलेत."

"लिफ्ट आहे ना," सुजित म्हणाला, पण पहिल्याइतक्या जोरात नाही.

"दोन माणसांची? आणि सगळ्या बायका तुझ्या गाडीला वळसा घालून लिफ्टपर्यंत जाणार? ओरखडा पडला तर मग मला बोलू नको हां."

सुजितनं गाडीकडं पाहिलं. मग वडिलांकडं. वडील खांबाचा गिलावा निरखत होते. त्या खांबाला अजून गिलावा झालेला नव्हता.

"अगं पण आता काय करणार? स्लॅब टाकून झालाय."

इथं बन्सी बोलला. त्याला मघापासून बोलायचं होतं, पण घरातल्या भांडणात ठेकेदारानं किती थांबायचं ते तो जाणून होता. "साहेब, स्लॅब टाकला तर टाकला की. खांब ह्याच कागदावरून उभे केलेत. खोलीचा कोपरा, तिथं खांब. खाली बीमही तसेच. जिन्याचं भोक बी त्याच जागी सोडलंय. दोन खांबांमधी भिंत घातली की झाला हाच नकाशा, खाली. फर्स्ट फ्लोअर जमिनीला, सेकंड फ्लोअर स्लॅबवर. मॅडमच्या त्या अमेरिकेवानी."

योगिनी उठली. कागद हातात घेऊन ती खांबाखांबातून चालू लागली. इथं स्वयंपाकघर. इथं जिना. इथं, गाडीच्या डिकीखाली, आत्याच्या उशाची खिडकी. एकेक कोपरा जुळत होता. शेवटच्या खांबाशी पोचल्यावर तिनं कपाळ त्या गार काँक्रीटला टेकवलं. सहा आठवड्यांच्या काविळीनं पिवळा झालेला चेहरा वळला तेव्हा लाल होता.

"काहीच पाडायचं नाही, आत्या. फक्त बुजवायचं."

"मंग बुजवा," यशोदाबाई म्हणाल्या, आणि खुर्चीतून उठल्या. जी खोली त्यांची होणार होती तिथवर स्वतःच्या पायांनी गेल्या, दारासाठी मोकळ्या सोडलेल्या जागेतून एक पाय बाहेर काढला आणि मातीत ठेवला. चप्पल बाजूला केली आणि परत ठेवला. दत्तोबा बघत होते. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बन्सी, विटांची गाडी उद्याच बोलाव." मग सुजितला म्हणाले, "गाडी काढ. भिंत यायची तिथं."

सुजितनं गाडी काढली. मागं घेताना त्यानं आरशात बघितलं तेव्हा आई हसत होती, आणि खरं सांगायचं तर त्यालाही छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. चार वर्षं लिफ्टच्या दारात आईला हाक मारून-मारून तोही थकलाच होता. फक्त हे कबूल करायला त्याला एक जागा लागत होती, आणि ती जागा त्यानं गाडीसाठी धरून ठेवली होती.

भिंती तीन आठवड्यांत आल्या. सुधारित नकाशा मंजूर व्हायला त्याहून जास्त लागले. नवीन कागदावर योगिनीनं मराठीत मोठ्या अक्षरात "तळमजला" लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

आता या चुकीपायी कुणी काय भरलं ते.

पार्किंग म्हणून खालची उंची बन्सीनं नऊ फूट ठेवली होती. ब्रॅनॉकला अकरा हवी होती, आणि त्याच्या उंच निमुळत्या खिडक्या त्यात बसेनात. त्या वरून कापाव्या लागल्या. त्यामुळं क्रमांक एकेचाळीसची हुबेहूब प्रत असं योगिनीला म्हणता येईना, आणि प्रबंधाचं दीड प्रकरण नव्यानं लिहावं लागलं. ते वाचून निरंजन सर म्हणाले, आता कळलं हा आपला कोण लागतो. तरी त्यांनी पदवी एक सत्र पुढं ढकललीच. त्या सत्रात योगिनीनं आणखी अकरा संडास काढले.

पार्लर चांगलं चाललं. फक्त त्याचं दार पडवीत उघडतं आणि पडवीत सासूबाई बसतात. आत जाणाऱ्या प्रत्येकीला त्या आधी न्याहाळतात, बाहेर येताना पुन्हा न्याहाळतात, आणि फरक पडला की नाही ते तोंडावर सांगतात. हर्षालीची काही गिऱ्हाइकं त्यात गेली. बरीचशी मात्र तेवढ्यासाठीच परत येतात.

दत्तोबांना आळीत प्रत्येकाला भेटून सांगावं लागलं की पार्किंग वगैरे काही नव्हतं, ती अमेरिकन पद्धत होती.

आणि सुजितची गाडी रस्त्यावर कडुलिंबाखाली उभी असते. फर्स्ट शिफ्ट असली की तो पावणेसहाला बाहेर येतो, फडकं ओलं करतो आणि कावळ्यांनी रात्रभर काचेवर जे केलं असेल ते पुसतो. सगळ्यांच्या वाट्याचं मिळून जे भरायचं होतं त्यातलं बरंचसं तो असं रोज थोडं थोडं भरतो. पडवीतून आई विचारते, चहा घेतलास का, आणि तो पुसता पुसता म्हणतो, घेतला.